घरचं शिजवलेलं खाऊन कुत्र्याचं पोट पुन्हा पुन्हा बिघडतंय? कोणत्या क्रमाने काय तपासायचं

लक्षणं बहुतेक घरांत सारखीच असतात. चार-पाच दिवस शी घट्ट, मग दोन दिवस पातळ, मग आपोआप बरी आणि पुन्हा तेच. एकाच वेळच्या शीचा पहिला भाग बांधलेला, शेवटचा पसरणारा. कधी वर शेंबडासारखा चिकट थर. पोटात गुडगुड, घाण वासाचा गॅस, पहाटे दाराशी जाऊन कुईकुई. अधूनमधून पिवळा फेस ओकणं, सकाळी गवत खाणं. हे सगळं असूनही कुत्रा खेळतो आणि भांडं चाटूनपुसून संपवतो. म्हणून घरचे दोन दिवस दहीभात देतात, शी सुधारते आणि विषय तिथेच थांबतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू.

पुढचं सगळं एक वर्षावरच्या, लसीकरण झालेल्या, एरवी तरतरीत असलेल्या कुत्र्यासाठी आहे. खालीलपैकी एकही गोष्ट दिसत असेल तर घरी काहीही तपासत बसू नका, थेट डॉक्टरांकडे न्या:

- शीत ताजं लाल रक्त जास्त प्रमाणात, किंवा डांबरासारखी काळी चिकट शी
- दिवसात तीन-चारपेक्षा जास्त उलट्या, किंवा प्यायलेलं पाणीही पोटात न टिकणं
- पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरून राहणं, पोटाला हात लावू न देणं
- हिरड्या पांढरट, पिवळसर किंवा चिकट कोरड्या
- ताप 103 फॅरनहाइटच्या वर (निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण 101 ते 102.5 असतं, गुदद्वारात मोजलेलं)
- सहा महिन्यांखालचं पिल्लू. पिल्लाला जुलाब आणि उलट्या एकत्र म्हणजे पार्व्होची (जीवघेण्या विषाणूच्या आजाराची) शक्यता धरायची, आणि त्यात एक रात्र थांबणंही महागात पडतं.

यातलं काही नसेल तर क्रमाने सुरुवात करा. एक नियम मात्र पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन दिवस बघा. आज चिकन बंद, उद्या भाताऐवजी ओट्स, परवा प्रोबायोटिक असं केलं की शी सुधारली तरी कशामुळे ते कळत नाही आणि मूळ कारण तसंच राहतं. पाककृती बदलणं ही शेवटची पायरी. बहुतेक वेळा दोष पाककृतीत सापडतच नाही, तिच्या आजूबाजूला सापडतो.

घरातल्या प्रत्येकाला विचारा, कोण काय देतं

ही तपासणी फुकट आहे आणि सगळ्यात जास्त वेळा कारण इथेच निघतं. फ्रिजच्या दारावर कागद चिकटवा. तीन दिवस कुत्र्याच्या तोंडात जे जाईल ते, ज्याने दिलं त्याने, लगेच लिहायचं. आजोबांच्या चहाबरोबरची दोन बिस्किटं, कामवाल्या मावशींनी दिलेला पोळीचा तुकडा, मुलांनी टेबलाखाली सरकवलेला ऑम्लेटचा घास, वॉचमनकाकांचा पाव, सगळं. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी असं वरचं खाणं 10 टक्क्यांच्या आत हवं. 10 किलोच्या कुत्र्याला म्हणजे जेमतेम 60 किलोकॅलरी, आणि दोन-तीन ग्लुकोज बिस्किटांत तेवढं होतं.

दूध वेगळं विचारा. मोठ्या कुत्र्याच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं विकर (एन्झाइम) कमी झालेलं असतं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पाणी ओढते, जिवाणू तिचा गॅस करतात, आणि दुपारपर्यंत जुलाब. "लहानपणापासून देतोय, काही होत नाही" हे उत्तर ऐकून पुढे जाऊ नका, तीन दिवस पूर्ण बंद ठेवून बघा. दह्यात ही साखर कमी असते, त्यामुळे चमचाभर दही बहुतेकांना चालतं. वाटीभर नाही.

याच कागदावर फिरण्याचा रस्ताही लिहा. चिकनच्या दुकानामागून, कचराकुंडीजवळून किंवा मासळी बाजाराकडून जात असाल तर आठवडाभर रस्ता बदला. पावसाळ्यात डबक्याचं पाणी अजिबात पिऊ देऊ नका. त्यातून जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी येतो, आणि लेप्टो हा जिवाणूचा आजारसुद्धा, जो माणसालाही होतो.

काही पदार्थ इथे पोटदुखीच्या पलीकडचे आहेत. द्राक्षं, मनुका आणि बेदाणे थोडेसेही मूत्रपिंड निकामी करू शकतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले चार बेदाणेसुद्धा "प्रसाद आहे" म्हणून द्यायचे नाहीत. नाशिक-सांगलीकडे द्राक्षांच्या हंगामात घरात पेट्याच असतात, तेव्हा त्या उंचावर ठेवा. कांदा-लसूण कच्चा, शिजवलेला, पावडर, कसाही नको. तो तांबड्या रक्तपेशी फोडतो आणि परिणाम काही दिवसांनी दिसतो: हिरड्या फिक्या, लघवी गडद. सूपची वडी, पाकिटातला मसाला, हॉटेलची रस्सा-ग्रेव्ही यांत कांदा-लसूण असतोच असं धरून चाला. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेलं शुगरफ्री काहीही हेही त्याच यादीत. यातलं काही पोटात गेल्याचं कळलं तर जुलाबाची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन करा.

काट्यावर मोजा

"दोन वाट्या भात आणि थोडं चिकन" हे माप नव्हे. शीचा पहिला भाग घट्ट आणि शेवट पातळ असेल तर पहिला संशय जास्त खाण्यावर घ्यायचा. लहान आतड्याला पेलवेल त्याहून जास्त आलं की न पचलेलं तसंच पुढे ढकललं जातं. घरचं जेवण ओलं असल्याने ताटात कमी दिसतं आणि हात सैल सुटतो.

हिशेब असा. कुत्र्याचं वजन किलोमध्ये घ्या, त्याचा घन करा, त्या संख्येचं वर्गमूळ काढा, उत्तराचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि त्याला 70 ने गुणा. फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं. 10 किलोसाठी 1000, मग 31.6, मग 5.62, म्हणजे साधारण 394 किलोकॅलरी. ही विश्रांतीची गरज. नसबंदी झालेल्या, रोज फिरणाऱ्या मोठ्या कुत्र्यासाठी तिला 1.6 ने गुणतात, म्हणजे 630. फ्लॅटमध्ये दिवसभर लोळणाऱ्याला 1.4 पुरे. 20 किलोच्या कुत्र्याला 1.6 ने साधारण 1060 येतात. दुप्पट वजनाला दुप्पट जेवण लागत नाही, आणि मोठ्या कुत्र्यांच्या बाबतीत चूक नेमकी इथेच होते.

10 किलोच्या कुत्र्याचं दिवसभराचं ताट नमुन्यादाखल, सगळी वजनं शिजवल्यानंतरची: कातडी आणि हाडं काढलेलं चिकन 180 ग्रॅम (कच्चं सुमारे 250), मऊ भात 150 ग्रॅम (कच्चे तांदूळ 50 ते 55), लाल भोपळा किंवा दुधी 80 ग्रॅम, कोंबडीची कलेजी 15 ग्रॅम, अर्धं उकडलेलं अंडं, तेल 1 छोटा चमचा, अंड्याच्या कवचाची पूड सुमारे 2 ग्रॅम, चिमूटभर आयोडीनयुक्त मीठ. हे साधारण 610 किलोकॅलरी होतं. दोन किंवा तीन वेळांत विभागून द्या. पोट नाजूक असेल तर तीनदा. पहाटे पिवळा फेस ओकणाऱ्या कुत्र्याला रात्री झोपण्याआधी यातलाच एक छोटा वाटा दिला की पुष्कळदा तेवढ्यानेच थांबतं, कारण ते रिकाम्या पोटातलं पित्त असतं.

किती दिवसांत बदललं?

पॅकेटवरून घरच्या जेवणावर येताना आतड्यातल्या जिवाणूंची घडी बदलते आणि तिला वेळ लागतो. पहिले तीन दिवस पाव भाग नवं, पुढचे तीन दिवस निम्मं, मग तीन दिवस पाऊण, दहाव्या दिवशी पूर्ण. शी पातळ झाली तर मागच्या पायरीवर जा आणि तिथे तीन दिवस थांबा. हेच घरच्या जेवणातल्या बदलालाही लागू आहे. सोमवारी चिकन, मंगळवारी मासे, गुरुवारी अंडी, रविवारी मटण, असं घरच्या माणसांच्या जेवणाप्रमाणे कुत्र्याचं चाललं असेल तर आठवड्यातून दोनदा पोट बिघडणं साहजिकच आहे. एक प्रथिन, एक धान्य आणि एक भाजी तीन आठवडे तशीच ठेवा.

चरबी: पातेलं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा

ही सगळ्यांत उपयोगी चाचणी. नेहमीसारखं चिकन शिजवा, पाण्यासकट पातेलं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरट-पिवळा थर गोठलेला दिसेल. तो चमच्याने काढून मोजा. एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिली निघाला तर ते सुमारे 120 किलोकॅलरी. 10 किलोच्या कुत्र्याच्या दिवसाच्या गरजेचा जवळजवळ पाचवा भाग, आणि तो कुणी धरलेलाच नसतो. दुकानदार "कुत्र्यासाठी" म्हणून स्वस्तात पिशवी भरून देतो, तिच्यात माना, पाय, पंखांची टोकं आणि ढीगभर कातडी असते. त्या पिशवीवर वाढलेल्या पोटाला घट्ट शी माहीतच नसते. मटणाच्या खिम्याचंही हेच, त्यात चरबी किती हे डोळ्यांना कळत नाही.

थर काढून टाका, खालचं पाणी भातावर घाला. भातावर प्रेमाने सोडलेली तुपाची धार तीन दिवस बंद. जुलाब थांबले तर कारण सापडलं. चरबीकडे दुर्लक्ष करू नका म्हणण्याचं मोठं कारण स्वादुपिंडाचा दाह. एखाद्या सणाच्या दिवशी तळलेलं, तुपातलं किंवा कातडीचं भरपूर खाल्लं की उलट्या, पोटदुखी आणि दवाखान्यात सलाइन असा प्रवास होतो. लठ्ठ कुत्र्यांना आणि आधी एकदा हा त्रास झालेल्यांना धोका जास्त.

शिजवलेलं हाड कुठल्याही कारणाने देऊ नका. शिजल्यावर ते ठिसूळ होतं, चिरफळतं, आतड्याला भोक पाडू शकतं. माशाचे काटे हाताने चाचपून काढा. बोंबील-मांदेलीत ते शक्य नसेल तर ते मासे नकोच. सुकट आणि सुक्या बोंबलात मीठ फार असतं, तेही नको.

भात, डाळ, भाजी

भात कुत्र्यासाठी बोटांत चिरडेल इतका मऊ हवा, माणसांच्या मोकळ्या भातापेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त. अर्धवट शिजलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं आणि गॅस होतो. शीत भाताचे दाणे किंवा गाजराचे तुकडे जसेच्या तसे दिसत असतील तर शिजवणं कमी पडतंय. भाजी मऊ शिजवून कुस्करा. कच्चं किसलेलं गाजर बहुतेक जसं जातं तसंच बाहेर येतं.

तूरडाळ, हरभरा, राजमा यांनी गॅस होणाऱ्या कुत्र्यांना डाळ पूर्ण बंद करून बघा. साल काढलेली मूगडाळ बऱ्याच जणांना चालते, पण तीही मांसाची जागा घेत नाही. लाल भोपळ्यात पाण्यात विरघळणारे आणि न विरघळणारे असे दोन्ही तऱ्हेचे तंतू असतात, त्यामुळे पातळ शी बांधायलाही आणि बद्धकोष्ठ सैल करायलाही तो कामी येतो. पण 10 किलोच्या कुत्र्याला एक-दोन मोठे चमचे वाढवणं वेगळं आणि अर्धं ताट भोपळ्याचं करणं वेगळं. दुसऱ्यात शी पुन्हा सैल आणि ढीगभर होते.

कलेजी आणि कवचाची पूड

कलेजी स्वस्त आणि कुत्र्याला अतिशय आवडणारी, म्हणून प्रमाण सुटतं. ताटाच्या साधारण 5 टक्क्यांत ठेवा. जास्त झाली की काळपट सैल शी होते, आणि महिनोन्महिने जास्त गेली तर जीवनसत्त्व अ शरीरात साठून हाडांना त्रास होतो. ही काळपट सैल शी आणि वर सांगितलेली डांबरासारखी शी यांत गोंधळ वाटला तर टिश्यू पेपरवर घासून बघा. कडेला लालसर छटा उतरली तर ते रक्त. छटा नसली तरी शंका उरत असेल तर नमुना घेऊन डॉक्टरांना दाखवाच.

कवचाची पूड करताना कवचं धुऊन 10 मिनिटं उकळा, कडक वाळवा, मिक्सरमध्ये मैद्यासारखी बारीक करा. बोटाला कण लागता कामा नयेत. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, म्हणून ही पूड लागतेच. पण जास्त झाली की शी पांढरट, कोरडी, खडूसारखी आणि कुत्रा कुंथत बसतो. अशी शी दिसली तर पूड थेट बंद करू नका, छोट्या काट्यावर मोजून योग्य मापावर आणा.

साठवण

ज्या घरात रविवारी आठवड्याचं एकदम शिजतं आणि बुधवार-गुरुवारी पोट बिघडतं, तिथे इकडेच बघा. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते उगवतात आणि विष तयार करतात, आणि उलट्या करणारं हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून "उकळून दिलं होतं" याला अर्थ उरत नाही. कुकरमध्ये झाकलेला भात मधोमध कितीतरी तास कोमट राहतो. शिजल्यावर परातीत पसरून पंख्याखाली ठेवा, तासाभरात डब्यांत भरून फ्रिजमध्ये.

फ्रिजमध्ये तीन दिवस, त्यापुढचं लगेच फ्रीझरमध्ये, एकेका वेळच्या डब्यात. डबा आदल्या रात्री फ्रीझरमधून फ्रिजमध्ये उतरवा, ओट्यावर नाही. जिथे रोज चार-पाच तास वीज जाते तिथे दिवसाआड शिजवणं हाच उपाय, फ्रिजवर भिस्त ठेवू नका. भांड्यात 20-30 मिनिटांत न संपलेलं उचलून टाका. आणि जेवणाच्या भांड्याच्या तळावरून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर ते नुसतं विसळलं जातंय, घासलं जात नाही. पाण्याच्या भांड्यालाही हेच, पावसाळ्यात पाणी उकळलेलं.

इथून पुढे पैसे लागतात

वरचं सगळं नीट करून दहा दिवसांत फरक नसेल तर शीची तपासणी करून घ्या. ताजा नमुना स्वच्छ डबीत, दोन-तीन तासांत पोचेल असा. जिआर्डिया रोजच्या शीत सापडत नाही, म्हणून लागोपाठ तीन दिवसांचे नमुने द्यावे लागतात. एक नमुना स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. गुदद्वाराभोवती तांदळाच्या दाण्यासारखे हलणारे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. तो पिसवांतून येतो, तेव्हा गोळीबरोबर पिसवांचाही बंदोबस्त करायला हवा, नाहीतर दोन महिन्यांत परत. जंताचं औषध वजनावर ठरतं, मागच्या वर्षीच्या वजनावर देऊ नका. ही तपासणी जवळच्या पशुवैद्यक प्रयोगशाळेत होते. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, जवळ असाल तर तिथेही चौकशी करा.

तीही स्वच्छ निघाली आणि शीबरोबर कान लाल होणं, पंजे चाटणं, पोटावर पुरळ असंही असेल तर अन्नाची अॅलर्जी शक्य आहे. त्याची चाचणी जेवणातूनच होते: आधी कधीही न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक धान्य, किमान आठ आठवडे, त्याशिवाय एक कणही नाही. चवदार गोळ्या आणि चघळायच्या काड्याही बंद. नंतर जुनं चिकन परत देऊन त्रास उलटतो का ते बघायचं. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा, कारण इतके आठवडे अपुऱ्या जेवणावर ठेवायचं नसतं.

कुठे थांबायचं

खाणं दुप्पट आणि वजन तरी उतरतंय, शी मोठी, फिकट, तेलकट, हे दिसलं तर स्वादुपिंडाची विकरं कमी पडत असण्याची शक्यता असते. जर्मन शेफर्डमध्ये ते विशेष आढळतं, आणि निदान रक्ताच्या तपासणीनेच होतं. तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ येत-जात राहणारे जुलाब, वजनात घट, किंवा मळमळीबरोबर ताप आणि गोचिड्या: या तिन्हींत घरचे प्रयोग बंद. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांतलं काहीही स्वतःहून देऊ नका. जुलाब थांबवणारी काही माणसांची औषधं कोलीसारख्या जातींच्या मेंदूपर्यंत पोचून विषासारखी वागतात.

आणि शी घट्ट झाली तरी एक काम उरतं. पोट सावरायला दिलेला एक भाग चिकन, दोन भाग भात हा दोन-तीन दिवसांचा आहार आहे. "हेच मानवतं" म्हणून तो वर्षभर चालू ठेवलेल्या कुत्र्यांत कॅल्शियम, जस्त, आयोडीन, जीवनसत्त्व ड आणि ई हळूहळू कमी पडत जातात, आणि ते शीत दिसत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक विभागाने 2013 मध्ये घरच्या जेवणाच्या 200 पाककृती तपासल्या, तेव्हा 95 टक्क्यांत किमान एक आवश्यक पोषक घटक कमी निघाला. त्यांतल्या काही पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. वर दिलेलं नमुन्याचं ताटही याला अपवाद नाही. त्यात जस्त, जीवनसत्त्व ड आणि ई यांची भर घालावी लागते, आणि ती अंदाजाने घालायची नसते, कारण ड जास्त झालं तर विषारी ठरतं. वाढत्या पिल्लाला, विशेषतः लॅब, रॉटवायलर, ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लाला, आहाराचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याने बसवून दिल्याशिवाय पूर्ण घरच्या जेवणावर ठेवू नका. नुसत्या चिकन-भातावर किंवा दूध-पोळीवर त्याची हाडं मऊ होऊन पाय वाकतात.

डॉक्टरांकडे जाताना फ्रिजवरचा कागद, ताज्या शीचा नमुना, आठवड्याभरातल्या शीचे फोटो, कुत्र्याचं आजचं वजन आणि जेवणातला प्रत्येक घटक ग्रॅममध्ये लिहून न्या. पूरक औषधांची पाकिटं असतील तर तीही सोबत ठेवा, मागच्या बाजूला छापलेलं प्रमाण त्यांना वाचावं लागतं.